कापू की ठेवू

आमच्या गल्लीतल्या टाचणीबद्दल आजवर मी जे जे सांगितलं ते थोडं वाढवून सांगितलं, हे कबूल. आजचं मात्र मोजूनमापून सांगतो. अर्ध्या गोष्टीला मी स्वतः हजर होतो, आणि उरलेली अर्धी तिने मला इतक्या वेळा ऐकवली आहे की तिच्यात वाढवायला जागाच उरलेली नाही.

टाचणी म्हणजे शिवणकाम करणारी बाई, वय एकसष्ट. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून काम केल्यामुळे ती तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बोलते, आणि बोलते ते बहुधा टोचतं. माझं बटणं-लेस-दोऱ्यांचं दुकान तिच्या दुकानाच्या बरोबर समोर. तीस वर्षं मी काउंटरवर बसून समोरच्या काचेतून दोघींना पाहिलं: मशिनवर टाचणी, आणि कापायच्या टेबलाशी तिची मैत्रीण, जिला सगळे मास्तरीण म्हणत. दोघींचे नवरेही होते, पण ते काचेतून दिसत नसत, म्हणून त्यांच्याविषयी मी बोलत नाही. निदान आज नाही.

दुकानात सहा मशिनं. त्या खडखडाटात घसा फोडण्यापेक्षा मास्तरिणीने कापडावर खडूच्या खुणा सुरू केल्या. नुसतं वर्तुळ म्हणजे, या बाई पोट आत ओढून माप देतात, कमरेला दोन बोटं जास्त धर. त्या बाई समोरच उभ्या असत, वर्तुळाकडे बघत, आणि "किती काळजीने करता हो" म्हणून कौतुक करत. वर्तुळाखाली रेघ म्हणजे थांब, हात लावू नकोस, मी येते. टाचणीची स्वतःची एक खूण होती, दोन्ही टोकांना बाण असलेली रेघ. जास्तीचं कापड उरलं की ती मारायची. म्हणजे, कापू की ठेवू? आणि शेवटची खूण, दोन तिरक्या रेघा आणि मध्ये टिंब: माझं चुकलं, सगळं उसव. ही मास्तरिणीने तीस वर्षांत दोनदा काढली. एरवी कोटाला तीन बाह्या झाल्या असत्या तर तिने गिऱ्हाइकालाच पटवून दिलं असतं की तुम्हाला तिसरा हात आहे, तुमचं लक्ष नव्हतं.

नवरा गेल्यापासून मास्तरीण दुकानाच्या वरच्या खोलीत एकटी राहायची. मागच्या वर्षी जिन्यावरून पडली आणि गुडघा गेला. मुलगा येऊन तिला त्याच्या शहरात घेऊन गेला, महिनाभरासाठी म्हणून. जाताना तिने गल्लीभर सांगितलं, "माझ्या मुलाकडे लिफ्ट आहे." अशा थाटात, की लिफ्ट तिच्याच पोटची आहे. खोलीची किल्ली टाचणीकडे ठेवली. त्या महिन्याचे आठ महिने झाले.

मैत्रिणीशी बोलायचं तर फोन होता, पण मास्तरिणीचे कान मशिनांनी खाल्लेले. फोन स्पीकरवर लावावा लागे, आणि स्पीकरवर म्हणजे मुलगा, सून आणि भांडी घासणारी बाई अशा तिघांच्या साक्षीने. मोबाइलवर निरोप पाठवला तर सून तो मोठ्याने वाचून दाखवी, अगदी प्रेमाने, आवाजात चढ-उतार घेऊन. टाचणीने एकदा स्वतःच्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल चार ओळी पाठवल्या, तर पलीकडून सुनेनेच उपाय कळवला.

मग आला तो खेळाचा डबा. हातात धरायचा, पुस्तकाएवढा, मध्ये पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणं. मास्तरिणीची नात कॉलेजला दुसरीकडे गेली आणि जाताना तो आजीला देऊन, शिकवूनही गेली. त्यात एक बागेचा खेळ आहे. प्रत्येकाची आपली बाग, आपलं घर. फुलं लावायची, कुंपणं घालायची, आणि मैत्रिणीची बाग फाटकातून आत जाऊन बघायची. टाचणीने हे ऐकलं आणि कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून तसलाच एक जुना डबा मिळवला, त्याच्या दुकानाचे पडदे शिवून देण्याच्या बोलीवर. पहिल्याच दिवशी ती डबा घेऊन त्याच्याकडे परत गेली. मी तिथेच होतो, चार्जरच्या निमित्ताने.

"मास्तरिणीचं नाव दिसतंय. नावापुढे हिरवा ठिपकाही आहे."

"म्हणजे त्या आत्ता खेळतायत, मावशी."

"ते कळलं. आता तिला 'गुडघा कसा आहे' असं कुठून विचारायचं?"

"विचारायचं नाही. यात मेसेजची सोय नाहीये."

"मैत्रिणींची यादी आहे, कोण केव्हा आली-गेली याचा हिशेब आहे, आणि बोलायची सोय नाही? मग ही यादी कशाला, हजेरी घ्यायला?"

"कंपनीने मुद्दामच ठेवली नाही हो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी."

"कुठल्या मुलांच्या?"

"खेळात तुम्हालाही लहान मूलच धरतात."

"धरू देत बाबा, माझी हरकत नाही. पण बोलू नका म्हटल्यावर गप्प बसलेलं मूल मला आणून दाखव."

डब्यात सोय नसली तरी त्या बागेच्या खेळात बोलायची एक फट होती म्हणे, पण ती मास्तरिणीच्या मुलाने बंद करून टाकली होती. तो विमा कंपनीत. धोका नसेल तिथेही त्याला धोका दिसतो, त्याचाच त्याला पगार. आईबापांनी लहान मुलांच्या डब्याला लावायचं जे कुलूप असतं, ते या पठ्ठ्याने स्वतःच्या आईच्या डब्याला लावलं. रोज चार ते पाच खेळायचं, बोलणं बंद. पाच वाजले की मास्तरिणीची बाग काळी.

तरी दोघी रोज चारला भेटू लागल्या. पडद्यावर दोन बुटक्या बाहुल्या. एकीने उडी मारायची, दुसरीने टाळ्या वाजवायच्या. टाचणी म्हणायची, "एवढ्या वर्षांची मैत्री, आणि माकडासारख्या उड्या मारतोय."

आणि एक दिवस मुलाचा फोन आला. "मावशी, आईची खोली आता सोडून देतोय. महिनाअखेर किल्ली तेवढी घरमालकांना द्या. सामान मी नंतर हलवतो."

"आईला विचारलंस?"

"आई इथेच आहे. स्पीकरवर आहात तुम्ही."

"मास्तरिणी, किल्ली देऊ?"

पलीकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज आला. मग मास्तरीण म्हणाली, "मुलगा म्हणतोय तसं कर."

टाचणीने फोन ठेवला आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. मी समोरून पाहिलं आणि उठून गेलो, कारण तोंडात टाचणी नसलेली टाचणी मी कधी पाहिली नव्हती.

"बटणवाले, मास्तरीण कधी कुणाचं म्हणतोय तसं करते?"

"माणूस वयाबरोबर बदलतं."

"तुम्ही बदललात? अजून लोकांच्या काचेतून डोकावता."

महिनाअखेरीला नऊ दिवस होते. घरमालक दोनदा येऊन गेला. एकदा तिने किल्ली धुण्यात गेली म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा किल्ली वाळायची आहे म्हणून. तिला एकाच प्रश्नाचं खरं उत्तर हवं होतं, आणि तो प्रश्न स्पीकर, सून आणि विमा यांच्यापैकी कुणालाही न कळता विचारायचा होता. घरचे म्हणाले, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस. तिने डबा उघडला आणि दोन दिवस बागेतली सगळी फुलं उपटत बसली. मी म्हटलं, संताप निघतोय, निघू दे. तिसऱ्या दिवशी तिने पडदा माझ्या नाकाखाली धरला. बाग साफ. घराच्या दारापुढे, कुंपणाचे तुकडे जोडून, एक लांब रेघ. दोन्ही टोकांना बाण.

कापू की ठेवू?

चारला मास्तरिणीची बाहुली फाटकातून आत आली. रेघेपाशी थांबली. या टोकाला गेली, त्या टोकाला गेली. उडी नाही, टाळी नाही. तशीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्या नावापुढे ठिपका लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरमालक आला, तेव्हा टाचणीकडे नवीन सबब नव्हती, तिने सरळ सांगितलं, "देत नाही." कारण विचारलं तर म्हणाली, "कारण शिवायला टाकलंय."

चौथ्या दिवशी चारला ठिपका लागला. टाचणी फाटकातून आत गेली, आणि मी तिच्या खांद्यावरून. मास्तरिणीच्या बागेत मधलं गवत काढून पिवळी फुलं लावली होती. दोन तिरक्या रांगा, आणि मध्ये एकच लाल फूल.

माझं चुकलं, सगळं उसव. टाचणी म्हणाली, "मी विचारलं काय, आणि ही सांगते काय." लगेच तिने आपल्या बागेतलं कुंपण मोडलं आणि पाच वाजायच्या आत एक वर्तुळ घातलं, खाली रेघ: थांब, मी येते. मास्तरिणीची बाहुली आली आणि तीनदा उडी मारली. पाच वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसमध्ये होतो. मला पिशवी धरायला नेलं होतं. पिशवीत एक अर्धवट कोट होता.

मुलाचं घर नवव्या मजल्यावर. लिफ्ट खरंच होती. आम्ही येतोय असं कळवल्यामुळे मुलगा सुट्टी घेऊन थांबला होता, सुनेने सरबत दिलं, आणि मास्तरीण सोफ्यावर पाय उशीवर ठेवून बसली होती, घरातल्या सर्वात चांगल्या खुर्चीच्या शेजारी आणि सर्वात मोठ्या टीव्हीच्या समोर. खरं सांगतो, मला वाटलं टाचणीने फुलांत नको ते पाहिलं.

"आईला इथे काय कमी आहे, मावशी? तुम्हीच विचारा," मुलगा म्हणाला.

टाचणीने मोठ्याने विचारलं, "बरं आहे ना गं इथे?"

"बरं आहे," मास्तरीण म्हणाली. सुनेकडे बघून हसलीही.

मी पिशवीचे बंद सारखे करू लागलो. टाचणीने मात्र कोट बाहेर काढला, उलटा करून मास्तरिणीच्या मांडीवर पसरला, आणि पर्समधून खडू काढून तिच्या हातात दिला.

"हे एवढं बघ. माझ्याने होत नाहीये."

मास्तरिणीने खडू बोटांत फिरवला. आठ महिन्यांत तिच्या हातात चहाचा कप आणि डबा सोडून काही आलं नव्हतं. तिने अस्तरावर हात फिरवून सुरकुती काढली, आणि एक तिरकी रेघ मारली. दुसरी मारली. मुलगा बघत होता, जशा त्या पोट आत ओढणाऱ्या बाया बघायच्या. मग तिने मध्ये टिंब दिलं. इतकं जोरात, की खडू मोडला.

"काय झालं? कोट बिघडलाय का?" सुनेने विचारलं.

"कोट चांगला आहे. माझं चुकलंय," मास्तरीण म्हणाली, आणि हे शब्द तिच्या तोंडून निघालेले ऐकायला मी बसचं तिकीट दहादा काढलं असतं. "मी इथे राहायला हो म्हटलं, ते चुकलं. मला माझ्या खोलीत जायचंय."

"आमचं काही चुकलं का, आई?"

"तुझं नाही गं. खडू माझ्या हातात आहे."

मुलगा म्हणाला, "पण फोनवर तू हो म्हणालीस."

"स्पीकरवर म्हणाले."

"तिथे बावीस पायऱ्या आहेत. पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर माझ्या जिन्यावरून पडेन. तुझ्या सोफ्यावर बसून मला काही होतच नाहीये."

तो टाचणीकडे वळला. "मावशी, हिने तुम्हाला कळवलं कसं? मी सगळं बंद केलं होतं. त्या डब्यात मेसेज जातच नाहीत."

"नाहीच जात," टाचणी म्हणाली. "फार चांगला डबा आहे."

मास्तरीण परतली त्या दिवशी तिला बावीस पायऱ्या चढायला पाऊण तास लागला. आठव्या पायरीवर ती टाचणीशी भांडली, पंधराव्या पायरीवर माझ्याशी. मुलाने जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून दिला, आणि हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. आता सकाळी ती उतरते, कापायच्या टेबलाशी बसते, संध्याकाळी चढते. डब्याचं कुलूप काढून देतो म्हणाला, तर तिने नको सांगितलं. पाचला बाग बंद झाली की टाचणीही उठते आणि राहिलेली कामं होतात.

परवा मोबाइलवाला पडद्यांना अस्तर लावून घ्यायला आणि नव्या पँटचं माप द्यायला आला होता. म्हणाला, "मावशी, नवीन डबा आलाय. त्यात मैत्रिणीशी बोलायची सोय आहे आता."

टाचणीने तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून विचारलं, "कुणालाही?"

"ज्यांना कुलूप आहे त्यांना आधी आई-वडिलांची परवानगी लागते."

"मास्तरिणीचे आई-वडील वर गेलेत. जाऊन सही आणतोस का?"

मास्तरिणीला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिने मान वर करून मोबाइलवाल्याकडे पाहिलं, तो पोट आत ओढून उभा होता तसंच त्याच्या पँटचं माप घेतलं, आणि कापडावर एक वर्तुळ काढलं.