दाब उलटा दिल्यावर

पीएचडी कुठवर आली, हे मला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात, भाजीवालीसमोर विचारतात, बारशाला गेले तर पाळण्याशी उभं करून विचारतात. मी आपली "चाललंय" म्हणते. चाललंय कसलं, कण्हतंय. पण त्या मार्चमध्ये पहिल्यांदाच मी ताठ मानेने सांगितलेलं, "झालंच आता." अख्ख्या डोंबिवलीला सांगून मोकळी झालेले. तेच नडलं.

माझं काम मल्टिफेरॉइक पदार्थांवर. नाव ऐकलं की लोक मान डोलावतात नि विषय बदलतात, म्हणून सोपं करून सांगते. एखाद्या वस्तूचं चुंबकत्व बदलायचं तर एरवी तारेचं वेटोळं घ्यायचं, त्यातून करंट सोडायचा. ते तापणार, वीज फुकट जाणार. काही पदार्थांत मात्र दोन गुण एका घरात नांदतात. आतले धन आणि ऋण भार एकमेकांपासून जरा सरकलेले असतात, आणि वर तो पदार्थ चुंबकही असतो. त्याला करंट न देता नुसता विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, दिला की भार सरकतात आणि त्यांच्या मागोमाग चुंबकत्वही हलतं. म्हणजे, हलायला हवं. जगाला हे हवंय, कारण तसं जमलं तर मेमरी चिप तापणार नाहीत. मला हवं होतं कारण त्याशिवाय थिसिस नव्हता. मुदतवाढ संपत आलेली. माझे गाइड सर जूनमध्ये रिटायर होणार होते, आणि त्यांच्यामागे त्या लॅबमध्ये मला कुत्रं विचारणार नव्हतं.

लॅब ठाण्यात, कोलशेतच्या बाजूला. मी डोंबिवलीहून मोटागावच्या पुलावरून स्कूटीने जायचे, हेल्मेटच्या आत स्वतःशीच भांडत. भांडायला कारणं पुष्कळ. पदार्थाची पावडर दाबून आम्ही बटणाएवढ्या चकत्या भट्टीत भाजायचो. त्यांच्यात बिस्मथ असतं आणि ते भट्टीत उडून जातं, म्हणून पावडर घेतानाच थोडं जास्त घालायचं. किती जास्त, ते कुणी धड सांगत नाही, ज्याचं त्याला कळतं म्हणे. मला कळेपर्यंत तारुण्य संपलं. चकत्या तडकायच्या, नाहीतर इतक्या गळक्या निघायच्या की दाब दिला की सरळ करंटच वाहायचा.

आणि मग एक चकती निघाली. दाब दिला, चुंबकत्वाचं रीडिंग खाली आलं. दाब काढला, परत वर. पुन्हा दिला, पुन्हा खाली. मी सरांना हाक मारली ती किंचाळल्यासारखीच. सर शांत माणूस, कौतुकाला कंजूष. पण त्या दिवशी स्वतः उन्हात जाऊन समोसे घेऊन आले आणि म्हणाले, "खा. आता लिहायला बस." मी समोसा हातात धरून रडले. वेडीसारखी रडले, खोटं कशाला सांगू.

पुढचे दिवस मी लिहीत होते. सोमवारी सेमिनार, तो झाला की थिसिस जमा. आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी आईचे गुडघे धरलेले. तिच्याकडे शेकायचा एक जुना पट्टा आहे, दोन पिनांचा प्लग असलेला. त्या प्लगच्या एका बाजूला तिने नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, आणि ठिपका वर ठेवूनच तो घालायचा असा तिचा कायदा. मी घाईत घातला.

"अगं, उलटा घातलास. ठिपका खाली गेला."

"आई, कसाही घाल गं! दाब उलटा दिला तरी ताप तेवढाच येणार!"

बोलले आणि तिथेच थिजले. माझ्याच तोंडातून निघालेलं वाक्य माझ्याच कानाखाली बसलं.

कारण आमची चकती. आम्ही दाब नेहमी एकाच बाजूने दिलेला. चकतीची खालची बाजू होल्डरच्या पत्र्याला चिकटवलेली, पत्रा अर्थिंगला, त्यामुळे तार वरूनच यायची. त्या लॅबमध्ये सगळे तसंच मोजायचे, रीतच पडलेली. आणि रीडिंग खाली येतंय म्हटल्यावर कोण कशाला काय बदलतोय? पण आमचा दावा खरा असेल तर दाब उलटा दिल्यावर चुंबकत्वही उलटं हलायला हवं, खाली न येता वर जायला हवं. आणि दोन्ही वेळेला खालीच आलं तर? तर चकती थोडी गळत होती, गळणाऱ्या करंटने तापत होती, आणि तापलं की चुंबकत्व कमी होतंच. हे शाळेतलं पोरगंही सांगेल. ज्या तापण्यातून जगाला सोडवायला निघालो, तेच तापणं आम्ही मोजत बसलेलो असू शकत होतो.

"काय झालं? शॉक बसला?" आईने विचारलं.

"नाही," म्हटलं. मला जेवण गेलं नाही.

सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सोमवारी सेमिनार आहे. आता चकतीला हात लावू नकोस. तुटली तर?"

"तुटली तर सुटले," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही.

चकती पत्र्यावरून सोडवली, पत्र्याशी वीज जोडली जाऊ नये म्हणून खाली अभ्रकाचा तुकडा सरकवला, सिल्व्हर पेस्टने दोन्ही बाजूंना तारा लावल्या. आता हव्या तशा उलटसुलट करता येत होत्या. चकती तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, निदान दोष तिच्यावर गेला असता.

सरळ दाब दिला. रीडिंग खाली. तारा बदलल्या. देवाधर्मावर माझा विश्वास नाही, आमच्या घरात कुणाचाच नाही, पण त्या क्षणी मी कुणाचेही पाय धरले असते. वर जा, मी म्हणत होते, मेल्या वर जा.

खाली आलं.

मी खुर्चीत बसले. सर माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते आणि अचानक म्हणाले, "थांब, थांब. सारखं नाहीये. उलट्या बाजूने कमी आलंय खाली."

खरंच होतं. किंचित फरक होता. म्हणजे बरंचसं तापणं असेल, पण त्याच्या खाली आमचा खरा परिणाम लपलेला असेल! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, ती काडी मी दोन्ही हातांनी धरली. फरक बारीक असला की एकच उपाय, पुन्हा पुन्हा मोजायचं आणि सरासरी काढायची. खरा असेल तर तो टिकतो, उलट जास्त स्वच्छ दिसतो. नुसती यंत्राची थरथर असेल तर विरत जातो.

मी मोजत राहिले. सरळ, उलट, सरळ, उलट. डबा तसाच राहिला. फरक होता. मग जरासा कमी झाला. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, होतं असं. आणखी मोजलं, आणखी कमी झाला. जितकं मोजावं तितका माझ्या डोळ्यांदेखत तो आटत चालला होता, आणि प्रत्येक वेळी बटण मीच दाबत होते.

"इथे थांब," सर म्हणाले.

"सर?"

"आत्ता फरक आहे. एवढ्यावर छापता येईल. आपण काही खोटं लिहीत नाहीये, जे दिसलं तेच लिहू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला जाताना काहीतरी घेऊन जायचंय गं."

माझ्या गाइडने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते तेवढंच. आणि मलाही थांबायचं होतं, माझी शपथ, इतकं थांबायचं होतं की माझं बोट बटणावरून उठत नव्हतं आणि खालीही जात नव्हतं. मला घरी जाऊन आईला सांगायचं होतं की झालं. लिफ्टमध्ये सांगायचं होतं.

"अजून एकदाच, सर," मी म्हटलं.

एकदा नाही, संध्याकाळपर्यंत मोजलं. सरळ आणि उलट, दोन्ही रेषा एकावर एक बसल्या. मध्ये केसभरही जागा उरली नाही.

सर स्टुलावर टेकले. मग म्हणाले, "हे मला कळलं नसतं तरी चाललं असतं."

"मलाही, सर," मी म्हटलं.