भाऊजींचा आवाज

बाजारातल्या जिन्याखालच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईला आसपासचे लोक 'ठिणगी' म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "बंद पडल्यावर किती वेळा चालू करून पाहिलंत?" खरं उत्तर कुणीच देत नसे. "एकदाच" म्हणणाऱ्याने निदान दहादा बटण दाबलेलं असतं, हे अठ्ठावीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. अशा वेळी तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. हात मात्र हलका. दुसऱ्या दुकानांनी नाद सोडलेल्या हार्ड डिस्का शेवटी तिच्याकडेच यायच्या.

त्या दिवशी सकाळी तिची थोरली बहीण, अक्का, आपला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून घेऊन आली. मागोमाग भाऊजी, गळ्याला पट्टी आणि हातात वही. चार महिन्यांपूर्वी आजारामुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस अक्काने त्यांना रोज समोर बसवून एकेक वाक्य बोलायला लावलं आणि कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड करून ठेवलं. ते सगळं फोनवर घ्यायचं, म्हणजे बोट लावलं की भाऊजींचा आवाज येईल, असा बेत होता. "मी करून देतो," असं अक्काचा जावई म्हणाला, आणि काम तिथेच रखडलं. आता कॉम्प्युटरच उठेना.

"किती वेळा चालू केलात?"

"जावयाने पाहिलं थोडं," अक्का म्हणाली.

"थोडं म्हणजे?"

"दोन दिवस."

ठिणगीचं डोकंच फिरलं. "दोन दिवस! डिस्क आतून खरवडली जात असेल आणि हा शहाणा बटणं दाबत बसला? नुसतं बंद ठेवायलासुद्धा अक्कल लागते!" जावई तिथे नव्हता, तरी त्याचा यथास्थित उद्धार झाला. भाऊजींनी जोरजोरात मान हलवली. निदान एवढ्यापुरतं दोघांचं जमलं.

तिने खणातून लिनक्सची सीडी काढून आत सरकवली. या सीडीवरूनच कॉम्प्युटर सुरू होतो. आतल्या डिस्कवर काही लिहायचं नाही, आहे ते फक्त वाचायचं आणि बाहेर जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. कुठे काय बोलावं लागेल त्याप्रमाणे अक्काने वाक्यांचे केलेले चार फोल्डर पडद्यावर उमटले. दवाखाना, घर, फोन, इतर. आतून डिस्क कटकट करत होती.

अशी डिस्क कधी मान टाकेल याचा नेम नसतो. म्हणून ठिणगी सगळं एकदम ओढत नसे. सर्वांत मोलाचं काय ते मालकाला विचारायची आणि तिथून सुरुवात करायची.

"आधी काय?" पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं.

अक्काने तोंड उघडलं. भाऊजींनी पेन्सिल वहीवर आपटली, भराभरा लिहिलं आणि वही ठिणगीच्या नाकासमोर धरली. दवाखाना. मग घर. मग फोन. तिसऱ्या शब्दाखाली दोन रेघा.

"बरं," ठिणगी म्हणाली आणि कामाला लागली. अक्का चादरीची घडी घालायला लागली.

एकेका फाईलला दोन-दोन मिनिटं लागत होती. दुपारचे बारा वाजले, एक वाजला. नीट उतरतंय ना, हे पाहायला ठिणगीने एक फाईल लावली. "डॉक्टर, उजव्या बाजूला दुखतंय," भाऊजींचा भरदार आवाज दुकानात घुमला. भाऊजी भिंतीकडे बघत राहिले.

दवाखाना पूर्ण झालं. घर पूर्ण झालं. 'फोन'मधली अकरा वाक्यं उतरली आणि डिस्क एकदा किंचाळून थांबली. ठिणगीने वायर बदलली, सीडीवरून पुन्हा सुरुवात केली, मनातल्या मनात डिस्कला शिव्याही घातल्या. डिस्क ओळखच देईना.

"बाकीचं गेलं," ती म्हणाली. "पण कामाचं बहुतेक आलं ना?"

"इतरमध्ये माझी हाक होती," अक्का म्हणाली.

"कसली हाक?"

"लग्न झाल्यापासून हे मला ज्या नावाने हाक मारायचे, ती. सहा वेळा बोलून घेतली होती मी. हळू. रागावून. बाहेरच्या खोलीतून. बाकीचं काय, हे लिहून दाखवतातच की!"

"मग बोलली का नाहीस तू?"

"बोलू दिलंत?" अक्का ताडकन उठली. तिचा एवढा चढलेला आवाज ठिणगीने जन्मात ऐकला नव्हता. "अहो, आधी काय ते आयुष्यभर तुम्हीच ठरवलंत, निदान एवढं तरी मला ठरवू द्यायचं! आणि तू गं? कॉम्प्युटर माझा, सगळं भरलं मी, आणि तू वाचलंस कुणाचं?"

जगातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला द्यायला ठिणगीकडे उत्तर असायचं. आता तिने बंद पडलेल्या डिस्कची वायर उगाच पुन्हा काढून लावली. जावयावर ढकलावं म्हटलं, तर तेही धड जमेना. तिला स्वतःचाच भयंकर संताप आला होता.

भाऊजींनी वही उघडली, पेन्सिल टेकवली, आणि काहीच न लिहिता ती मिटली. मग पुढे होऊन त्यांनी माऊस हातात घेतला. उतरलेल्या वाक्यांची यादी ते वरपासून खालपर्यंत शोधत गेले आणि 'फोन' फोल्डरमधल्या एका वाक्यावर थांबून त्यांनी ते दाबलं.

"माफ करा, मला बोलता येत नाही."

आवाज स्वच्छ होता, अदबीचा.

"हे परक्या माणसांसाठी भरलं होतं," अक्का म्हणाली.

भाऊजींनी यादी पुन्हा वर-खाली केली. त्यांना दुसरं काही सापडेना. त्यांनी परत तेच दाबलं.