उलट्या घडीचा कोपरा

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर खोटारडे म्हणत आले. हॉस्पिटलात जन्म काढलाय, कितीतरी माणसं माझ्या हातात गेली, एकही परत आलेलं नाही. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय... आणि तो फक्त उलगडा न झाल्याचा नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. तळेगाव दाभाड्याच्या एका हॉस्पिटलात आम्ही अकरा मुली नर्सिंग शिकत होतो. सकाळी सहाला वॉर्डातल्या चादरी बदलायच्या, त्या जोडीनेच – कॉटच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी. बायकांच्या वॉर्डात माझी जोडी अनसूयाशी. ती चाकणजवळच्या खेड्यातली. मी डावखुरी, त्यामुळे पायथ्याचा कोपरा दुमडताना माझी घडी उलटी पडायची. सिस्टर रोज ओरडायच्या. अख्ख्या वर्गात तसा कोपरा माझा एकटीचाच.

एकदा आमच्याच वर्गातल्या सरोजच्या हातून थर्मामीटर फुटला आणि तिने आळ आयाबाईवर जाऊ दिला. अनसूयाने सिस्टरना खरं काय ते सांगितलं. झालं, सरोजने फर्मान काढलं – अनसूयाशी कुणी बोलायचं नाही, तिच्याबरोबर चादर धरायची नाही. आणि आम्ही मेंढरांनी ते ऐकलं. मीसुद्धा. सरोजशी वाकडं घेतलं तर आपलीही तीच गत, एवढीच माझी अक्कल. मी पुरुषांच्या वॉर्डात काम मागून घेतलं. सिस्टरना सगळं दिसत होतं. त्या म्हणाल्या, नर्सला मैत्रिणी लागत नाहीत, शिस्त लागते. आजही ते आठवलं की डोकं फिरतं.

अनसूया एकटी जेवायला बसायची, मग जेवेनाशीच झाली. तिने ट्रंक भरलीय, न्यायला या म्हणून वडिलांना पत्र टाकलंय, असं कानावर आलं. घरी गेली असती तर शिक्षण संपलं, आणि महिन्याभरात लग्न. हे कळत असूनही मी गप्पच.

बोलणं टाकल्याच्या नवव्या दिवशी सिस्टरनी मला बायकांच्या वॉर्डात बोलावून झापलं. वीस कॉट, आणि प्रत्येकीचा डावीकडचा कोपरा उलटा. मी म्हटलं, मी इकडे फिरकलेच नाही, पुरुषांच्या वॉर्डात विचारा. त्यांनी विचारलंही, रोज सहाला मी तिथेच होते. तेवढ्यात खिडकीजवळच्या कॉटवरची म्हातारी म्हणाली, "खोटं कशाला बोलती? ही डावरी पोरगी रोज येती. तोंडातनं अक्षर काढत न्हाई, पर चादर धरती."

मला वाटलं, म्हातारीला नीट दिसत नसेल, अनसूयाच मुद्दाम माझी घडी घालतेय. तणतणत गेले तिच्याकडे. ती चक्क हसली, कितीतरी दिवसांनी.

"गप गं. सरोजला भ्येतीस म्हणून बोलत न्हाईस, मला कळतं. पर समोर येऊन हुबी ऱ्हातीस ना रोज? तेवढ्यावर ट्रंक रिकामी केली मी. आबांना कळवलं, येऊ नका."

ती मी नव्हते, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर ट्रंक पुन्हा भरली असती... आणि खरं सांगू? चांगलं म्हणवून घ्यायला मला बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी सहाला मी खरोखरच तिच्या समोर जाऊन उभी राहिले. सरोजने माझ्याशीही बोलणं टाकलं. आठवड्याभरात बाकीच्या मुली कंटाळल्या आणि एकेक करून आमच्याशी बोलायला लागल्या. एवढं सोपं होतं ते. त्यानंतर वॉर्डात दुसरी कुणी कधी दिसली नाही.

अनसूया पुढे मेट्रन होऊन रिटायर झाली. दर दिवाळीला तिचं पत्र येतं, त्यात त्या नऊ सकाळी असतातच. ती कोण होती, याचा पत्ता मला आजतागायत लागलेला नाही. माझं तोंड घेऊन आली, माझं काम करून गेली, आणि शाबासकी मी लाटली. जे माझ्याच्याने नऊ दिवस झालं नाही, ते तिने माझ्या चुकीसकट केलं.

यंदाचं पत्र समोर आहे. ती मी नव्हते, एवढंच उत्तर लिहायचंय. अजून लिहिलेलं नाही.