चार पिवळ्या टोप्या

मी सेफ्टी ऑफिसर आहे. मस्कतला कुरुममध्ये ऑफिस, बौशरला घर. आग कशी लागली, माणूस कसा पडला, हे शोधून रिपोर्ट लिहिणं हे माझं काम, आणि 'कारण सापडलं नाही' असं मी कधीच लिहीत नसे. त्यामुळे भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा कोणी भेटला की मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. ती सवय आता गेली... का गेली, ते सांगतो.

२०१६ ची बकरी ईद. जवळजवळ आठवडाभर सुट्टी मिळाली आणि आम्ही लिस्बनला गेलो. मी, बायको मानसी, आठ वर्षांची रेवा आणि माझे वडील, अण्णा. अण्णा रेवदंड्याचे. पोर्तुगीजांच्या पडक्या तटाशेजारून रोज शाळेत गेलेला माणूस! "त्यांचं मूळ गाव एकदा बघू दे रे," हा त्यांचाच हट्ट होता.

रेवाचा जन्म मस्कतचा. शाळेत मैत्रिणी बहुतेक मल्याळी, आपसात सगळं इंग्लिश. मराठी तिला समजतं, पण बोलायची वेळ आली की "आई, मला थर्स्टी होतंय" असला प्रकार.

साइटवर गर्दीत आम्ही माणसं हेल्मेटवरून मोजतो. म्हणून मी रुवीच्या बाजारातून चार भडक पिवळ्या टोप्या घेतल्या होत्या. शिवाय जिथं जाऊ तिथं एक असेंब्ली पॉइंट ठरवायचा — म्हणजे चुकामूक झाली तर येऊन थांबायची जागा. रेवाकडून पाठच करून घेतलं होतं : तिथं जाऊन बसायचं, हलायचं नाही. तिच्या टोपीत आतून माझा नंबरही लिहिला होता. मानसी वैतागायची, "अहो, आपण फिरायला आलोय की ड्रिलला?"

पहिला दिवस नदीकाठी मजेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरचा जुना किल्ला बघायला गेलो. तिथं मोर मोकळे फिरतात. रेवा त्यांच्या मागे मागे आणि अण्णा तटाला हात लावून बघण्यात गुंग. दाराजवळ झाडाखाली एक दगडी बाक होता, तो आमचा असेंब्ली पॉइंट. निघताना मी नेहमीसारखं बोट दाखवून मोजलं. एक, दोन, तीन आणि मी चार. "ओके. यल्ला, चला!"

खाली उतरायला अरुंद गल्ल्या. मी पुढे, मोबाइलवर रस्ता बघत. मागे मानसी, तिचा हात धरून लेक, आणि बाजूला अण्णा. वाटेत दोनदा वळून मोजलं... चार. मागून बोलणं ऐकू येत होतं.

"आई, पाय दुखतात गं."

"आजोबा, तुमच्या गावचा किल्लासुद्धा एवढा मोठा आहे का?"

मला तर हसूच आलं. दोन दिवस आजोबांबरोबर काय राहिली, पोरगी फाडफाड मराठी बोलायला लागली! मानसी म्हणाली, "बघा, सुधारली की नाही?" अण्णांनी खूश होऊन तिला खिशातली राजगिऱ्याची चिक्की दिली.

खाली एका चौकात पाण्याचा नळ होता. मानसी तिला पाणी पाजायला घेऊन गेली, अण्णा पायरीवर टेकले आणि माझा फोन वाजला. नंबर तिथलाच. कोणी बाई तोडक्या इंग्लिशमध्ये सांगत होती, "सर, तुमची मुलगी वर किल्ल्याच्या दाराशी आहे. एकटी आहे."

मी समोर पाहिलं. पाच-सहा पावलांवर मानसी पाठमोरी आणि तिला चिकटून पिवळी टोपी. डोळ्यांनी दिसत होती हो!

"नो, मॅडम," मी हसत म्हणालो. "माय डॉटर इज विथ मी."

जरा खरखर झाली. मग आवाज आला, "बाबा? मी असेंब्ली पॉइंटवर आहे. तुम्ही लोक कधी येणार?"

रेवाच. फोनकडे पाहिलं, क्षणभरच, आणि ओरडलो, "मानसी! रेवा कुठंय?"

"ही काय—" म्हणत ती वळली. एका हातात बाटली. दुसरा हात कोणाचा तरी हात धरल्यासारखा, अर्धवट मिटलेला. बाजूला कोणी नव्हतं. भर दुपारचा मोकळा चौक... एवढ्यात लपायचं म्हटलं तरी कुठं लपणार?

अण्णांना तिथंच बसवून आम्ही दोघं तो चढ कसे धावलो, देव जाणे. रेवा बाकावर बसली होती, डोक्यावर तिची टोपी. शेजारी गार्डची वर्दी घातलेली बाई. ती म्हणाली, मुलगी बराच वेळ इथंच आहे, हलायलाच तयार नाही. शेवटी टोपीतला नंबर पाहून फोन लावला.

मानसी तिला कवटाळून रडायला लागली. मी विचारलं, "आम्ही निघालो तेव्हा हाक का नाही मारलीस?"

"मारली ना. टू टाइम्स. पण आईने ऑलरेडी एका मुलीचा हात पकडला होता. तिची पण यलो कॅप. आणि तू काउंट केलं, बाबा. ओके म्हणाला." मग खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, मी एक्स्ट्रा आहे."

साइटवर मी वाईट अपघात पाहिलेत. असा हादरलो नव्हतो. आणि त्या बाईचा फोन स्पीकरवर होता. "माय डॉटर इज विथ मी" हेही रेवानं ऐकलं होतं.

हॉटेलवर येऊन मी सवयीने सगळं क्रमाने लिहून काढलं. दुसऱ्या कोणाची मुलगी म्हणावी, तर तिचे आईबाप कुठे होते? इतकं स्वच्छ मराठी? मानसीला 'आई' का म्हणत होती? अण्णांच्या खिशातल्या पाकिटातली एक चिक्की तर कमी झाली होती. पण तिचा चेहरा कसा होता, हे आम्हा तिघा मोठ्यांपैकी एकालाही सांगता येईना. आम्हाला आठवते ती फक्त टोपी. माझ्या रिपोर्टमध्ये कारणाचा रकाना अजून रिकामा आहे.

परतीच्या विमानात अण्णा एकदम म्हणाले, "आपली सापडली रे. पण ती दुसरी? तीही आईच म्हणत होती ना? तिला आपण तिथंच टाकून आलो."

एकदाच, खूप दिवसांनी, मी मानसीला विचारलं होतं, "तू तिचा हात कधी सोडलास?"

"मी नाही सोडला," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर म्हणालात ना, माझी मुलगी माझ्याजवळच आहे... तेव्हा तिनं माझा हात केवढा घट्ट धरला होता. मग तुम्ही रेवाच्या नावाने ओरडलात, आणि तिनं तो हळूच काढून घेतला."