कोंबड्यांच्या गाद्या

"एकही कोंबडी जाणार नाही."

"मग छोटी इथे येणार नाही, बाबा. तिची पाठ बघितलीत? नुसते लाल ठिपके. डॉक्टर विचारतात, घरात कुत्रं-बित्रं आहे का. काय सांगू? आजोबांकडे सहा कोंबड्या आहेत आणि कोंबड्यांकडे लाखभर किडे?"

"लाखभर तू मोजलेस?"

"बाबा, मी पिंजरा घेऊन आलेय. ऑफिसातल्या एकांची शेती आहे, ते सांभाळतील."

"सांभाळतील म्हणजे खातील."

खातीलच, हे लेकीलाही माहीत होतं.

मास्तर एके काळी शिंपी होते. चाळीस वर्षं लोकांच्या खांद्यांची, कमरेची मापं घेतली. आधी बायको गेली, मग नजर अधू झाली, मग दुकान गेलं. आता घरात आवाज म्हणजे मागच्या अंगणातल्या ह्या सहाजणींचा. वकिलीणबाई, बँकवाली, ढोली... सगळ्यांना जुन्या गिऱ्हाइकांची नावं. "बँकवाली माप देताना पोट आत घ्यायची," ते सांगत, "ही पण घेते, बघ."

महिनाभर मात्र सहाहीजणी मलूल होत्या. तुरे फिके पडलेले, आणि अंडं दोन-तीन दिवसांतून एखादं. मास्तर खुर्चीत बसून एकेकीला गुडघ्यांत धरत, एका हाताने पंख उचलत, दुसऱ्याने औषधाची पावडर चोळत. लोळायला राखेचा खड्डा करून दिला होता. चार दिवस बरे जात, की पुन्हा खाजवणं सुरू.

"मी काय करायचं ठेवलंय, सांग."

"हात दाखवा."

"कशाला?"

"ह्या उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट घातलाय तुम्ही. दाखवा."

त्यांनी दाखवला नाही. लेक उठली आणि सरळ खुराड्यात शिरली.

आतून तिचा आवाज आला. "बाबा, हे काय आहे?"

"गाद्या आहेत."

"कडेला पायपिंग लावून?"

"मग काय, फाटकं घालू त्यांना?"

कोंबड्या बसायच्या त्या दांडीला त्यांनी आत कापूस भरून कापड शिवलं होतं, पाय गारठू नयेत म्हणून. अंडी घालायच्या खोक्यांत चौकोनी गाद्या, दुहेरी शिवणीच्या. एकीला रेशमी अस्तर होतं, एकीला शाळेच्या स्कर्टच्या चुण्या.

"कुठून आणलं कापड?"

"न्यायला आले नाहीत, त्यांचं. ह्या अस्तरवाल्याने लग्नाचा कोट शिवायला टाकला होता. अकरा वर्षं वाट बघितली. म्हटलं, आता कोणीतरी बसू दे त्यावर."

लेकीने कात्रीच्या टोकाने एका गादीची शिवण उसवली. आत करडी धूळ दिसली. बघता बघता ती धूळ चालायला लागली. लेकीने त्यावर कागद दाबला, तर कागदावर लाल रेघ उमटली.

"दिवसा हे इथे लपून असतात," ती म्हणाली. "रात्री निघतात, रक्त पितात आणि परत शिवणीत. तुम्ही पावडर कोंबड्यांना लावत होतात, बाबा. किडे तर तुमच्या गाद्यांमध्ये राहत होते."

मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला. "माझी शिवण घट्ट असते," ते एवढंच म्हणाले.

गाद्या पत्र्याच्या डब्यात जाळल्या. कोटाचं अस्तर पटकन पेटलं. चुण्या मात्र हळूहळू गेल्या. मास्तर शेवटपर्यंत उभे होते. मग दांडीवर उकळतं पाणी ओतलं, फटींत चुना भरला. लेकीने एकेक कोंबडी दोन्ही हातांनी धरली, मास्तरांनी पावडर चोळली, पंखांखाली, शेपटीखाली, सगळीकडे. वकिलीणबाईने लेकीच्या मनगटावर चोच मारली.

"बायको वकिलाची आहे," मास्तर म्हणाले. "मनात धरू नकोस."

लेक हसली, त्या दिवसात पहिल्यांदाच.

"ठीक आहे, राहू देत," ती म्हणाली. "पण आठ दिवसांनी पुन्हा लावायला लागेल. पावडरीने किडे मरतात, त्यांची अंडी नाही मरत. आणि एकट्याने करू नका, पंखांखालचं राहून जातं. पुन्हा किडे दिसले, तर मी काही ऐकणार नाही, घेऊन जाईन."

"आठ दिवसांनी म्हणजे रविवार."

"हो."

"तुला सुट्टी असते."

लेक नळाखाली हात धूत होती. धुऊन झाले तरी धूतच होती.

"छोटीला नको आणूस," मास्तर म्हणाले. "जेवायलाही थांबू नकोस. तासाभराचं काम आहे. नुसतं धरायचंय, बाकी मी करतो. येशील ना?"

तिने नळ बंद केला. ओढणीला हात पुसले, चिकटलेलं एक पीस काढून टाकलं, पर्स खांद्याला लावली, रिकामा पिंजरा उचलला आणि घराच्या बाजूच्या बोळातून रस्त्याकडे निघून गेली.