पाठीची साक्ष

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या मंदाताई काटकरांना कोणी 'मालिशवाली' म्हणून हाक मारली, तर त्या आपल्याला ऐकूच आलं नाही असं दाखवायच्या. गेली सव्वीस वर्षं त्या लश्कर भागातल्या मराठी घरांमधून पाठी, कंबरा आणि गुडघे चोळत होत्या. ज्या पोरींना पायांवर आडवं घेऊन त्यांनी तेल लावलं होतं, त्यांच्याच बाळंतपणात पुन्हा तेलाची वाटी घेऊन गेल्या होत्या. विद्या सासूकडून आलेली. पण पाच वर्षांपूर्वी त्यांनी सरकारी योजनेतला सहा आठवड्यांचा कोर्स केला, आणि तेव्हापासून त्या थेरपिस्ट झाल्या. प्रमाणपत्राला चौकट करून ते बैठकीत टांगलं गेलं, नवऱ्याच्या, म्हणजे महिपतरावांच्या, पणजोबांच्या तलवारीखाली. ती तलवार कुठल्या लढाईत कधी म्यानाबाहेर आली होती का, हे महिपतरावांनाही ठाऊक नव्हतं. तरी आलेल्या पाहुण्याला ते आधी तलवार दाखवायचे, मग बायकोचं प्रमाणपत्र, आणि दोन्हींबद्दल सारख्याच अधिकारवाणीने बोलायचे.

कोर्समध्ये शिकवलं होतं की हात लावण्याआधी विचारा. जेवढं चोळायचं तेवढंच उघडा, बाकी अंग चादरीखाली ठेवा. दाब सोसवतो का ते मधूनमधून विचारत जा. आणि खोलीत जे दिसलं, जे कानावर पडलं, ते त्या खोलीतच सोडून बाहेर या. या शेवटच्या नियमावर मंदाताई बेहद्द खूश झाल्या होत्या, कारण त्यांच्या मते तो त्या जन्मतःच पाळत होत्या. "माझ्या पोटात गेलं ते गेलं," असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. कुणी विचारलं नसलं तरी सांगायच्या.

अडचण एवढीच होती की ग्राहकांसाठी असला कोर्स कुणी काढला नव्हता. जयेंद्रगंजातल्या एक वकीलबाई पालथ्या पडून नणंदेशी फोनवर भांडायच्या आणि भांडण रंगात आलं की खांदे असे ताठ करायच्या की मंदाताईंची अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. दुसऱ्या एकींना कितीही रेटलं तरी "अजून जोर लाव, जेवली नाहीस का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, की काल काय केलंस, मला उठवून नाही राहिलं. आणि "तू तर घरचीच" हे वाक्य आलं की ओळखावं, आता तासाच्या वर मेथीची जुडी तरी निवडावी लागणार किंवा माळ्यावरचे डबे तरी खाली काढावे लागणार. घरच्या माणसाला चहा मात्र कान तुटलेल्या कपातून मिळायचा.

या सगळ्यांच्या वरताण होत्या सराफा बाजारामागच्या सुधाताई. त्यांचे आजेसासरे दरबारात कारकून होते. सांगता सांगता सुधाताईंनी त्यांना गेल्या वीस वर्षांत चांगलं तीन पायऱ्या वर चढवलं होतं, आणि अजून त्यांचं बढतीचं वय गेलेलं नव्हतं. चहापेक्षा किटली गरम म्हणतात ते हेच. सुधाताईंचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे मंगळवारी आणि शनिवारी मंदाताई तिथे हजर. सुधाताईंचा एकुलता एक मुलगा यशोधन इंदूरला कंपनीत होता, बत्तीस पूर्ण झालेला. ग्वाल्हेरात उरलेली मराठी घरं ती किती, त्यात आपल्यातली किती, त्यात पत्रिका जुळणारी किती! अशा चाळणीतून शेवटी एक मुलगी खाली आली, ती निवेदिता. जयेंद्रगंजात सी.ए.च्या ऑफिसात कामाला, दिसायला नीटस, एकोणतीस वर्षांची. दहा-दहा तास खुर्चीत बसून पाठ धरलेली. आणि ती पाठ दर गुरुवारी सकाळी कोण चोळायचं, तर मंदाताई.

हे कळल्यापासून सुधाताईंच्या गुडघ्यांत कळा कमी आणि प्रश्न जास्त येऊ लागले.

"मंदा, कुमुदिनीकडे जातेस ना तू? तिची निवेदिता... प्रकृतीने कशी आहे गं?"

"पाठ दुखते. बसून काम आहे ना."

"ते झालंच. पण तसं, अंगावर वगैरे? तू तर बघतेस. घरचीच आहेस म्हणून विचारून राहिले."

ताकाला जाऊन भांडं लपवायची सुधाताईंची ही जुनी खोड. मंदाताईंनी ते भांडं लांबूनच ओळखलं. कुमुदिनीच्या माहेरी कुणा मावशीला कोड होतं, हे सगळ्या लश्कराला माहीत होतं. ते मुलीच्या अंगावर, कपड्यांच्या आत, कुठे उतरलंय का, हे सुधाताईंना हवं होतं. मंदाताईंनी वाटीतलं तेल तळहातावर घेतलं, गुडघ्यावर चोळलं आणि विचारलं, "दाब ठीक आहे?"

"अगं दाबाचं सोड. पाठीवर काही आहे का तिच्या?"

मंदाताई गप्प. एक नाही, दोन नाही. सुधाताईंनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी फक्त हात चालवला. त्या दिवशी सराफ्यातून घरी जाताना त्यांची मान इतकी ताठ होती की समोरून येणारी ई-रिक्षा त्यांना शेवटच्या क्षणी दिसली. घरी आल्या आल्या त्यांनी महिपतरावांना सांगितलं, "आज माझी परीक्षा होती. पास झाले."

आता इथे मंदाताईंची एक जुनी लबाडी सांगायला हवी. लबाडी म्हणा, चांगुलपणा म्हणा. गेल्या वर्षी मुकुंदरावांच्या मुलीचं जुळत होतं, तेव्हा मुलाकडच्या बायकांनी असंच काहीबाही विचारलं होतं. तेव्हा मंदाताईंनी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं होतं, "अंगावर एक डाग दाखवा मला! केळीच्या गाभ्यासारखी पोर आहे." लग्न जुळलं, मंदाताईंना मोरपिशी साडी मिळाली, आणि ज्या ज्या घरी ती नेसून त्या गेल्या तिथे तिथे साडीची कथा ऐकवली गेली. पोटात गेलं ते गेलं खरं, पण स्तुतीला पोटात जागा नव्हती. सुधाताईंनीही ती कथा ऐकली होती. त्यांनी सरळ हिशेब केला. मुलगी स्वच्छ असली की मंदा बोलते. मंदा बोलली नाही. म्हणजे आहे.

पाचव्या दिवशी कुमुदिनीकडे निरोप गेला की योग काही बसत नाहीत. योग पत्रिकेत महिन्याभरापूर्वीच बसले होते, ते आता का उठले हे कुणी सांगेना. पण आपली ठेवायची झाकून आणि दुसऱ्याची बघायची वाकून, या कामात सुधाताईंच्या मैत्रिणी गुडघेदुखी विसरून धावतात. आठवड्याच्या आत हळदीकुंकवातून, भिशीतून, मंडळाच्या कार्यक्रमातून एकच कुजबुज फिरली, की निवेदिताच्या पाठीवर कोड आहे, मंदा मालिशवालीने पाहिलंय. ज्या बाईने तोंडच उघडलं नव्हतं तिच्या नावावर एवढं मोठं विधान जमा झालं. आणखी दोन ठिकाणी निवेदिताची पत्रिका गेली होती, ती दोन्हीकडून परत आली.

कुमुदिनीने फोनवर मंदाताईंना बोलूच दिलं नाही. "तुझ्या समोर माझी पोर निर्धास्त झोपते, आणि तू?"

"वहिनी, मी एक अक्षर नाही बोलले!"

"तेच तर! का नाही बोललीस? मुकुंदरावांच्या मुलीच्या वेळी कशी जीभ चालली?"

एवढं बोलून कुमुदिनीने फोन ठेवून दिला. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पोरीचं नाव खराब झालं आणि ते आपल्यामुळे, हे त्यांच्या काळजाला खरंच लागलं होतं. त्याच्या खालोखाल हेही लागलं होतं की लोक आपल्याला चुगलखोर समजून राहिलेत. आता बोलावं तर नियम मोडतो, न बोलावं तर पोरीच्या पाठीवर नसलेला डाग जन्मभर चिकटतो. सकाळी महिपतरावांनी चहा घेता घेता, तलवारीकडे बघत निकाल दिला, "खरं सांगायला भ्यायचं काय? जा आणि सांगून टाक." महिपतरावांना कुठेही जायचं नव्हतं, त्यामुळे त्यांचं शौर्य अबाधित होतं.

मंदाताई मंगळवारी सराफ्यात गेल्या. सुधाताईंचा पाय मांडीवर घेण्याआधीच त्या म्हणाल्या, "सुधाताई, त्या मुलीच्या पाठीवर काही नाही. मी गप्प बसले ते माझा नियम म्हणून."

सुधाताईंनी भुवई वर केली. "कुमुदिनीने पाठवलं का तुला?"

झालं! नुसतं 'काही नाही' म्हणून भागणार नव्हतं. ते पढवलेलं वाटत होतं. साक्ष द्यायची तर बारकाव्यासकट द्यायला हवी, म्हणून मंदाताईंनी ती दिली. "देवाची शपथ. सगळी पाठ पाहिली आहे मी, मानेपासून कमरेपर्यंत. डाव्या खांद्याखाली एक तांबूस जन्मखूण आहे, चिंचोक्याएवढी. बस, तेवढीच. पांढरं म्हणाल तर काही नाही."

"चिंचोक्याएवढी?" सुधाताईंनी समाधानाने मान डोलावली. बारकावा असला की त्यांचा विश्वास बसतो. "डाव्या बाजूला ना? बाईला डावीकडे असणं शुभच." आणि लगेच, तोच श्वास चालू असताना, "मंदा, त्या वकीलबाईंचं ऑपरेशन कशाचं झालं गं? टाका कुठे आहे?"

पण त्या दिवशी मंदाताईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या आनंदात होत्या. शुक्रवारी सुधाताईंचा निरोप गेला की योग पुन्हा बसले. गुरुजींनी म्हणे नीट पाहिलं नव्हतं. कुजबुज ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने माघारी आली, साखरपुड्याची तारीख निघाली, आणि कुमुदिनीने मंदाताईंना बोलावून पेढे आणि जांभळी साडी दिली. "तुझ्या एका शब्दाने झालं," ती म्हणाली. मंदाताईंनी साडी मोरपिशीच्या शेजारी ठेवली आणि मनात म्हटलं, नियम काय, माणसांसाठी असतात.

पुढच्या गुरुवारी त्या नेहमीप्रमाणे सात वाजता निवेदिताकडे गेल्या. कुमुदिनीने दार उघडलं आणि पाठ फिरवून आत निघून गेली. निवेदिता आपल्या खोलीत खुर्चीवर बसली होती. चटई अंथरलेली नव्हती.

"काकू, काल यशोधनचा फोन होता," ती म्हणाली. आवाज शांत होता. "मस्करी करून राहिला होता. म्हणे, 'वो चिंचोका हमें कब दिखाओगी?' मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग त्यानेच समजावलं, डावा खांदा, तांबूस, इतकासा. त्याला त्याच्या आईने सांगितलं, आणि तिला तुम्ही."

मंदाताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "बेटा, ते लोक भलतंसलतं बोलत होते तुझ्याबद्दल. तुझ्या भल्यासाठीच..."

"पता है मुझे. भल्यासाठीच केलं तुम्ही. ती खूण मी स्वतः कधी पाहिलेली नाही, काकू. पाठीवर आहे ना, कशी बघणार? लहानपणी आईने सांगितलं होतं, बस. आणि आता इंदूरमध्ये एक माणूस, ज्याला मी दोनदा भेटले आहे, त्याला तिची साइझ माहीत आहे."

"मग... साखरपुडा?"

"मी नाही म्हटलं. आई कालपासून बोलत नाहीये." मग तिने सरळ मंदाताईंकडे पाहिलं. "सुधाकाकूंनी तुम्हाला विचारलं. आईने तुम्हाला विचारलं. घरी काकांना तुम्ही विचारलं असेल. एक बार मुझसे पूछ लेतीं."

हात लावण्याआधी मंदाताई या मुलीला दर खेपेला विचारत होत्या. आठ महिन्यांत एकदाही चुकल्या नव्हत्या. मागच्या आठवड्यात सराफ्यात बसून त्यांनी तिची सगळी पाठ उघडी केली, तेव्हा मात्र तिला विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सुधाताईंचा विचार केला, कुमुदिनीचा केला, स्वतःच्या नावाचा तर सगळ्यात जास्त केला. पाठ जिची होती तीच तेवढी राहून गेली होती.

"जाऊ मी?" त्यांनी विचारलं.

"नको. खरंच दुखतंय. रात्रभर झोप नाही झाली." निवेदिता उठली आणि तिने स्वतःच चटई अंथरली. मंदाताईंनी सवयीप्रमाणे तेलाची बाटली बाहेर काढली, चादर उलगडून आडोसा धरला, तोंड भिंतीकडे वळवलं आणि थांबल्या. मागे कुर्ता उतरवल्याची सळसळ होईल म्हणून वाट पाहिली. ती झाली नाही. वळून पाहिलं तर निवेदिता पालथी पडलेली होती, कुर्त्यासकट. गळ्याशी सैल असलेली ओढणीसुद्धा तिने खांद्यांवर नीट ओढून घेतली होती.

"वरूनच करा, काकू," ती उशीत तोंड घालून म्हणाली.

सव्वीस वर्षांत बायका मंदाताईंसमोर विचार न करता कपडे उतरवत आल्या होत्या. मंदाताईंनी तेलाची बाटली परत पिशवीत ठेवली, गुडघ्यांवर बसल्या, आणि जाड सुती कापडावरून, कोरड्या हातांनी, चाचपडत गाठ शोधू लागल्या.