काकूंची कडक नानकटाई

"हातात मोडली नाही तर ती नानकटाई कसली... ते बिस्किट." डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारी राहणाऱ्या काकूंचं हे वाक्य. परवा ऑफिसात एका मैत्रिणीला वाढदिवसाचा कुकी बुके आला, काड्यांवर बिस्किटांची रंगीत फुलं लावलेला... आणि मला ते पुन्हा ऐकू आलं.

असा बुके मी पहिल्यांदा बघितला तो काकूंच्या ओट्यावर. नव्वदच्या दशकाची सुरुवात, दिवाळीच्या आधीचे दिवस.

माझी आई जाऊन दोनेक वर्षं झाली होती. बाबा पुन्हा लग्न करणार होते, ठाण्याला, रजिस्टर पद्धतीने. बिल्डिंगमध्ये फक्त काकूंना माहीत होतं. बाकीच्यांना नंतर सांगू, आधी पोरीला सवय होऊ दे, असं बाबांचं म्हणणं.

मला एकच भीती होती... तिला मी आवडेन का? ती येईल तेव्हा दारातच तिला काहीतरी द्यावं, असं मनात होतं. काकू म्हणाल्या, "बाबांना सांगू, येताना ठाण्याच्या नौपाड्यातून छानसा गुच्छ आणतील." मी नको म्हटलं. आमच्या घरात फुलं यायची ती आईच्या फोटोसाठी.

काकू म्हणाल्या, "बरं. खायची फुलं करू."

नव्या खराट्याच्या काड्या धुऊन वाळवल्या. नानकटाईला फुलांचा आकार दिला, काड्या खोचल्या आणि थोडी घरच्या ओव्हनमध्ये भाजून बघितली. काडी उचलली की फूल खाली... काकूंची नानकटाई तोंडात विरघळायची, ती काडीवर कशी टिकणार?

मग काकूंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तूप कमी केलं, दूध घातलं आणि पीठ चांगलं घट्ट मळलं. मळताना चेहरा असा, की कुणी पाप करायला लावलंय.

घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी चार-पाचच मावायच्या. तेव्हा दिवाळीची नानकटाई भाजायला सगळ्याजणी बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या. आपला ट्रे निघाला की रांगेतल्या ओळखीच्यांना चवीला एकेक द्यायची, हा रिवाज. त्या दिवशी तळमजल्यावरच्या वहिनी नेमक्या आमच्या मागे.

"काड्या कसल्या हो काकू?"

"हिला कुल्फीसारखी खायचीय."

वहिनींनी तुकडा मोडायला बघितला, मोडेना. दाताखाली कट्ट वाजलं. "काय हो, तुपाचा हात आखडला वाटतं यंदा? का वय झालं?"

रांगेतल्या बायका हसल्या. काकूंनी माझ्याकडे बघितलं. खरं कारण सांगितलं असतं, तर लग्नाची बातमी संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झाली असती. "झालंच की वय," काकू म्हणाल्या आणि ट्रे उचलला.

घरी येऊन पिठीसाखर दुधात कालवली, खायचे रंग घातले. मेंदीसारखा कोन करून पाकळ्या काढल्या... काकूंच्या रेखीव, माझ्या वाकड्या. पत्र्याच्या डब्यात तांदूळ भरून त्यात काड्या रोवल्या.

ती आली तेव्हा मी डबा पुढे केला. तिने एक फूल काढलं, नेमकं माझं वाकडं. बाबांना हळूच विचारलं, "ताईंचा फोटो कुठेय?" आणि ते आईच्या फोटोपुढे ठेवलं. मग दुसरं काढून चावलं आणि थांबली. "अगं, दात पडायचा माझा."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी हसले... त्या घरात बऱ्याच दिवसांनी.

तीच पुढे माझी आई झाली. आता सत्तरीला आलीय. काकू मुलाकडे, घोडबंदर रोडला असतात. जुन्या शेजारणी भेटल्या की अजून त्या कडक नानकटाईचा विषय काढतात आणि काकू अजूनही "तूप कमी पडलं" एवढंच सांगतात. शेजारच्या पोरीसाठी आपल्या हाताचं नाव घालवायचं आणि इतक्या वर्षांत ते एकदाही बोलून दाखवायचं नाही... मला जमलं असतं का, माहीत नाही.

काकू, तुमची सून हे तुम्हाला वाचून दाखवेलच. या दिवाळीला आईसाठी एकदा तशीच करा ना, कडक. काड्या मी धुऊन आणते. नाहीच म्हणाल, माहीत आहे... तरी मागते.